टोंकच्या सांडपाण्यात काय लिहिले आहे

किनाऱ्यावरचे पाणी आंघोळीला योग्य आहे की नाही, हे आपल्याकडे काचेच्या नळीतल्या बुडबुड्यावरून ठरते. पाण्याचा नमुना साखर घातलेल्या पोषक द्रवात घालतात. त्या नळीत आणखी एक बारीक नळी उलटी बुडवलेली असते. ४४.५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर उलट्या नळीत वायू साठला, की मलातले कोलिफॉर्म जीवाणू आहेत असे धरायचे. किती नळ्यांत वायू आला ते तक्त्याशी ताडून १०० मिलिलिटरमागचा आकडा काढायचा. समुद्रात आंघोळीसाठी तो १०० च्या आत असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. गोव्यातली साळ नदी असो, मांडवीचे मुख असो वा पणजीतला सांतिनेजचा ओहोळ, आपले सगळे वाद याच आकड्याभोवती फिरतात.

ही चाचणी जुनी आहे, स्वस्त आहे आणि ती करायलाच हवी. पण तिला फक्त जीवाणू कळतात. विषाणू साखर आंबवत नाहीत, वायू सोडत नाहीत. जुलाब-ओकाऱ्यांच्या साथी, अंगणवाडीतल्या मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात उठणारे फोड, एखाद्या वाड्यावर अचानक आलेली कावीळ, यांच्या मुळाशी अनेकदा आतड्यातले विषाणू असतात आणि त्यांच्याबद्दल ती नळी एक अक्षरही बोलत नाही. म्हणून गोव्याने पणजीच्या टोंकसारख्या आपल्या मलनिस्सारण प्रकल्पांत येणाऱ्या सांडपाण्यातले विषाणू दर आठवड्याला तपासावेत, त्यांचा जनुकीय क्रम, म्हणजे आनुवंशिक अक्षरांची मांडणी, काढावा आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा, अशी मागणी मी इथे करतो आहे. विषाणू आहे की नाही एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या घराण्यातला, कुठून आलेला आणि किती दिवस गुपचूप फिरतो आहे, हे त्याच्या अक्षरांत लिहिलेले असते आणि ते वाचता येते.

जीवाणूंच्या आकड्यावर विसंबल्याची किंमत या देशाने फार पूर्वी मोजली आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात, वजिराबादच्या उपशाजवळ, नजफगढ नाल्याची घाण शिरली. पाणीपुरवठ्याच्या लोकांना ते कळले, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्याचा परिणाम झालाही: टायफॉइड आणि आमांश वाढला नाही. पण काही आठवड्यांत सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. जीवाणू मेले, विषाणू नळातून घरोघर गेला. त्या वेळी ती कावीळ 'अ' प्रकारची समजली गेली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे १९८० मध्ये नव्या चाचण्यांनी तपासले, तेव्हा हा विषाणू वेगळाच असल्याचे दिसले. आज आपण त्याला हेपॅटायटिस ई म्हणतो. नमुने जपून ठेवले होते म्हणून पंचवीस वर्षांनी का होईना, उत्तर मिळाले. हा नमुने जपण्याचा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आतड्यातले विषाणू इतके नानाविध का, हे आधी पाहू. पोलिओचा विषाणू म्हणजे सुमारे ७,५०० अक्षरांची आरएनएची एक पट्टी. पेशीत शिरल्यावर तिच्या नकला काढणाऱ्या विकराला चूक शोधून सुधारण्याची सोय नसते. साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक नव्या प्रतीत एखादे अक्षर बदललेले. बहुतेक बदल विषाणूला मारक किंवा निरर्थक असतात, काही टिकतात. पोलिओ ज्या कुळातला, त्या एंटरोविषाणूंचे माणसात आढळणारे शंभराहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. पूर्वी ते प्रतिपिंडांच्या बाटल्या लावून ओळखत; आता विषाणूच्या कवचातल्या व्हीपी-१ या प्रथिनाचा जनुक वाचतात. दोन विषाणूंच्या या जनुकात ७५ टक्क्यांहून जास्त अक्षरे जुळली तर प्रकार एक, कमी जुळली तर वेगळा.

चुकांशिवाय आणखी एक वाट आहे: अदलाबदल. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले तर नक्कल काढणारे विकर एका पट्टीवरून अर्ध्यात दुसरीवर उडी मारते आणि एकाचे कवच व दुसऱ्याचे अंतर्गत यंत्र असा नवा विषाणू तयार होतो. मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाविषाणूचे काम याहून सोपे, कारण त्याचा जनुकसंच मुळातच ११ सुट्या तुकड्यांचा असतो, पत्ते पिसावेत तसे ते मिसळतात. भारतात वापरली जाणारी रोटाव्हॅक ही लस ज्या ११६-ई या विषाणूपासून झाली, तो १९८० च्या दशकात दिल्लीतल्या नवजात बाळांत सापडला. त्याच्या ११ तुकड्यांपैकी एक गायीच्या रोटाविषाणूचा आहे. ही अदलाबदल निसर्गातच झालेली होती. माणसाने ती ओळखली आणि कामाला लावली.

आता घड्याळाची गोष्ट. माझ्या मते साऱ्या मागणीचा कणा हाच आहे. पोलिओविषाणूच्या व्हीपी-१ जनुकात सुमारे ९०० अक्षरे असतात आणि विषाणू माणसामाणसांत फिरत राहिला तर वर्षाला साधारण एक टक्का, म्हणजे नऊच्या आसपास अक्षरे बदलतात; हेच त्याचे घड्याळ. तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. लस घेतलेल्या बाळाच्या मलातून तो काही आठवडे बाहेर पडतो. जिथे लसीकरण चांगले, तिथे त्याला पुढे यजमान मिळत नाही. जिथे फट राहते, तिथे तो हातोहात फिरतो, त्याची अक्षरे बदलत जातात, दुबळेपणा देणारे बदलही पुसले जातात आणि तो पुन्हा पक्षाघात करू शकतो. म्हणूनच मूळ लसविषाणूच्या तुलनेत टाइप २ मध्ये ६ किंवा अधिक आणि टाइप १ व ३ मध्ये १० किंवा अधिक अक्षरे बदललेली दिसली, की त्याला 'लसजन्य पोलिओविषाणू' म्हणायचे, असा जागतिक नियम आहे.

या घड्याळाचा उपयोग कसा होतो, ते २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दिसले. लस न घेतलेल्या एका तरुणाला पक्षाघात झाला. त्याच्या विषाणूत व्हीपी-१ मधली १० अक्षरे बदललेली होती, म्हणजे हा विषाणू वर्षभरापर्यंत कुठेतरी फिरत असावा. मग कोविडच्या देखरेखीसाठी आधीच गोळा करून ठेवलेले सांडपाण्याचे नमुने काढून तपासले, तर रुग्ण सापडण्याच्या आधीच्या नमुन्यांतही तो होता. त्याच वर्षी लंडनच्या सांडपाण्यात आणि जेरुसलेममध्ये सापडलेल्या विषाणूंशी त्याचे नाते जुळले. लंडनमध्ये एकही मूल लुळे पडले नव्हते. तरीही सरकारने निष्कर्ष जाहीर केला आणि १ ते ९ वर्षांच्या मुलांना वाढीव डोस दिला. २०२४ च्या जूनमध्ये गाझातून घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यांत टाइप २ चा लसजन्य विषाणू मिळाला, आणि पक्षाघाताचे पहिले बाळ ऑगस्टमध्ये नोंदले गेले. पोलिओच्या शेकडो संसर्गांतून एखाद्यालाच पक्षाघात होतो. रुग्णाची वाट पाहणारी यंत्रणा म्हणूनच नेहमी उशिरा जागी होते.

भारताला हे नवे नाही. जंगली पोलिओचा आपला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. मुंबईत सांडपाण्याची पोलिओ-तपासणी २००१ पासून सुरू आहे. म्हणजे कौशल्य आपल्या शेजारच्या राज्यात, रात्रीच्या बसच्या अंतरावर, पंचवीस वर्षे नांदते आहे. गोव्यात दोन विमानतळ आहेत, वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येतात, २०११ च्या जनगणनेनुसार स्थानिक लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. इतक्या पाहुण्यांची आतडी जिथे एकत्र येतात, तिथे जगातल्या विषाणूंची वंशावळ आपोआप जमा होते. पर्यटनाचा आपला हंगाम आणि जुलाब-ओकाऱ्या घडवणाऱ्या नोरोविषाणूचा युरोपातला हिवाळी हंगाम एकाच काळात येतात, हेही लक्षात घ्यावे.

नोरोविषाणू हा स्वभावाने पोलिओच्या उलट. पोलिओचे तीनच प्रकार, लस एकदा नीट दिली की संरक्षण टिकते. नोरोविषाणू कवचाचे टोक सतत बदलत राहतो. जीटू-४ या घराण्याने १९९० च्या दशकापासून दर काही वर्षांनी नवे रूप घेतले. २०१२ मध्ये सिडनीच्या नावाने ओळखले जाणारे रूप जगभर पसरले. मधूनच दुसरे घराणे मुसंडी मारते: २०१४-१५ मध्ये चीन-जपानमध्ये जीटू-१७ वर आला, आणि २०२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तोच प्रमुख होता. अशा वेळी जुन्या रूपावर बेतलेल्या झटपट किट नव्या रूपाला चुकवू शकतात, पीसीआर चाचणीचे प्रायमर, म्हणजे विषाणूचा ठरलेला भाग शोधणारे छोटे तुकडे, नीट चिकटत नाहीत आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे 'नकारात्मक' लिहिते. विषाणूच्या बदलांवर नजर नसेल तर आपली चाचणीच हळूहळू आंधळी होते.

याचा थेट संबंध आपल्या ताटाशी आहे. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे हे सगळे पाणी गाळून खाणारे जीव. ज्या साळ नदीत मडगाव परिसराचे सांडपाणी उतरते, तिच्या खालच्या अंगाला हेच जीव काढले जातात. कालव स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवले तर त्यातले ई-कोलाय धुऊन निघतात, नोरोविषाणू मात्र राहतो, कारण कालवाच्या पचनग्रंथीत आपल्या रक्तगटाच्या साखरेसारखे रेणू असतात आणि विषाणू त्यांना घट्ट धरून बसतो. जीवाणूंच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले कालव माणसाला आडवे करते, त्याचे कारण हे. शांघायमध्ये १९८८ साली कच्च्या शिंपल्यांतून हेपॅटायटिस ए ची साथ आली, जवळजवळ तीन लाख लोक आजारी पडले. आपल्या घरातले तिसऱ्यांचे सुके नारळाच्या वाटणात बराच वेळ रटरटते, ते सुरक्षित. काळजी आहे ती वाफेवर शिंपला उघडला की ताटात वाढणाऱ्या स्वयंपाकघरांची. शिंपला उघडणे म्हणजे शिजणे नव्हे. आतल्या मांसाचे तापमान ८५ ते ९० अंशांवर किमान ९० सेकंद राहावे, असे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचे मार्गदर्शन आहे. घरी विळीवर कच्च्या तिसऱ्या फोडून एकशिपी करताना तो हात धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लागू नये, एवढेही पाळावे.

जनुकक्रम वाचल्याने निरपराधही सुटतो. गावागावांत डुक्कर-संडास होते त्या काळापासून काविळीचा ठपका डुकरावर ठेवायची सवय आपल्याला आहे. भारतातल्या डुकरांमध्येही हेपॅटायटिस ई सापडला. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी क्रम वाचले तेव्हा डुकरांतला विषाणू जनुकप्रकार ४ चा निघाला आणि आपल्याकडच्या माणसांच्या साथी जनुकप्रकार १ च्या. भारतातल्या साथीचे मूळ माणसाच्याच मैल्यात आणि पिण्याच्या पाण्यात शोधायचे, हे त्यातून ठरले. जांभ्या दगडाच्या भेगाळ जमिनीत सोकपिट (शोषखड्डा) आणि विहीर शेजारी-शेजारी असलेल्या गोव्यासाठी हा निर्णय फार महत्त्वाचा आहे.

मग करायचे काय? पणजीचा टोंक, मडगावचा शिरवडे आणि वास्कोचा बायणा, या तीन प्रकल्पांपासून सुरुवात करावी. नमुना प्रक्रियेआधीच्या, आत येणाऱ्या पाण्याचा हवा. बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन असते आणि उत्तर खोटे येते. सकाळी, लोक उठून शौचालये वापरतात त्या वेळेचा लोंढा प्रकल्पावर पोहोचतो तेव्हा, एक लिटर घ्यावा. एका क्षणाच्या नमुन्यापेक्षा २४ तास थोडे थोडे पाणी जमवणारे यंत्र चांगले. यंत्र नसेल तर वार आणि वेळ तरी कधी बदलू नये, नाहीतर आठवड्यांची तुलना होत नाही. बाटली लगेच बर्फात, ४ अंशांवर. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेला नमुना टाकून द्यावा.

पोलिओ आणि इतर एंटरोविषाणूंसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत पक्की आहे. ५०० मिलिलिटर पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, खाली बसलेला गाळ फेकायचा नाही, त्याला विषाणू चिकटलेले असतात. वरच्या पाण्याचा पीएच ७ ते ७.५ करून त्यात २२ टक्के डेक्स्ट्रान ३९.५ मिलिलिटर, २९ टक्के पॉलिइथिलीन ग्लायकॉल २८७ मिलिलिटर आणि मिठाचे तीव्र द्रावण ३५ मिलिलिटर घालून थंडीत तासभर ढवळायचे आणि रात्रभर फनेलमध्ये ठेवायचे. सकाळी दोन थर झालेले दिसतात. खालच्या थरात आणि सीमेवर विषाणू गोळा झालेले असतात. अर्धा लिटर पाण्याचे पाच-दहा मिलिलिटर होतात. त्यात गाळ मिसळून, क्लोरोफॉर्मने जीवाणू-बुरशी मारून मग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घालतात: पोलिओसाठी एल-२०-बी नावाच्या, इतर एंटरोविषाणूंसाठी आरडी नावाच्या. यातली अडचण माहीत असावी. जो विषाणू आरडी पेशींत जोमाने वाढतो, तो मंद वाढणाऱ्यांना झाकून टाकतो, आणि नोरोविषाणू तर या पेशींत वाढतच नाही. म्हणून त्याच अर्काचा एक भाग पेशींवर न घालता थेट पीसीआर आणि क्रमवाचनाला द्यावा.

पावसाळा हा गोव्याचा खास प्रश्न. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात गटारांमध्ये पाणी घुसते, विषाणू विरळ होतो आणि आलेख खाली गेलेला दिसतो. त्यावर उपाय मिरचीच्या रोपांत राहणारा एक विषाणू देतो: पेपर माइल्ड मॉटल. मिरचीच्या सॉस-मसाल्यांतून तो आपल्या पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. माणसाच्या मलात तो भरपूर असतो, हे २००६ मध्ये दिसून आले. त्याचे प्रमाण मोजले की नमुन्यात माणसाचा मैला किती आणि पाऊस किती, हे कळते आणि बाकीचे आकडे त्याने भागता येतात. मिरचीशिवाय जेवण न होणाऱ्या गोव्यात या मापकाची चणचण पडणार नाही. किनाऱ्यावर आणखी एक उपयोगी पडेल: २०१४ मध्ये संगणकावर जनुकक्रम जुळवताना सापडलेला, आतड्यातल्या जीवाणूंवर जगणारा क्रॅसफाज हा विषाणू. तो प्रामुख्याने माणसाच्या मैल्यात असतो. कोलिफॉर्म वाढले की शॅकवाले भटक्या कुत्र्यांकडे आणि गुरांकडे बोट दाखवतात, रहिवासी शॅककडे. क्रॅसफाजच्या चाचणीने त्या वादाचा बराचसा निकाल लागेल.

सर्वांत दमदार आक्षेप असा की गोव्यात गटारांचे जाळे आहेच किती? बहुतेक घरांना सेप्टिक टँक आणि सोकपिट. आक्षेप खरा आहे. त्याचे अर्धे उत्तर टँकरमध्ये आहे: प्रकल्पांवर रिकामे होणारे उपशाचे टँकर ज्या ज्या गावांतून येतात, त्यांच्या मैल्याचे आठवड्याचे एकत्रित नमुने घ्यावेत. त्यात मैला महिनोन्महिने जुना असतो, त्यामुळे 'या आठवड्यात काय' हे कळणार नाही, पण 'या भागात काय येऊन गेले' हे कळेल. उरलेल्या अर्ध्यासाठी साळ नदीवर दोन-तीन ठिकाणे आणि तिथल्या तिसऱ्या. शिंपल्याच्या पचनग्रंथीचे २ ग्रॅम वेगळे काढून नोरो आणि हेपॅटायटिस ए तपासण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धत उपलब्ध आहे. तिच्यात प्रत्येक नमुन्यात मेंगो हा निरुपद्रवी विषाणू ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. शेवटी तो परत मिळाला नाही तर चाचणीच फसली असे समजायचे. हे पथ्य सांडपाण्यालाही लावावे, कारण गाळातले ह्युमिक आम्ल पीसीआर थांबवते.

दुसरा आक्षेप पर्यटनाच्या बदनामीचा. लपवलेली साथ जास्त बदनाम करते, एवढेच त्यावर मी म्हणेन. नमुना प्रकल्पाच्या तोंडावरचा असावा, एखाद्या हॉटेलच्या किंवा वसाहतीच्या चेंबरमधला नसावा, म्हणजे कुणाच्या दारावर बोट जाणार नाही. क्रम वाचताना मिळणारी मानवी जनुकांची माहिती साठवू नये, असा लेखी नियम पहिल्या दिवसापासून हवा.

कळून करणार काय, हा तिसरा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटतो. नोरोचे नवे घराणे वाढताना दिसले तर त्याच आठवड्यात हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना सूचना द्यायची: अल्कोहोलच्या जेलवर विसंबू नका, साबण-पाण्याने हात धुवा, ओकारी झालेली जागा किमान १,००० पीपीएम क्लोरीनने पुसा, जुलाब थांबल्यावरही ४८ तास आचाऱ्याला कामावर घेऊ नका. हेपॅटायटिस ए किंवा ई दिसला तर त्या भागातल्या विहिरींचे क्लोरिनेशन आणि गर्भवतींकडे विशेष लक्ष, कारण ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जीवघेणी ठरते. टाइप २ पोलिओच्या व्हीपी-१ मध्ये सहा अक्षरे बदललेली दिसली तर स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांतली न लसवलेली मुले शोधायला आरोग्यसेविका दुसऱ्याच दिवशी निघायला हव्यात.

हे काम कोणाचे, हे मात्र आधी ठरायला हवे. सांडपाणी एका महामंडळाकडे, नदी प्रदूषण मंडळाकडे, शिंपले मत्स्य खात्याकडे, रुग्ण आरोग्य खात्याकडे. जबाबदारी आरोग्य संचालनालयाची असावी, कारण निष्कर्षावर कृती तेच करू शकते. दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था, ताळगावचे विद्यापीठ आणि बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय यांच्यातले अंतर अर्ध्या तासाचे आहे. प्रत्येक नमुन्याचे दोन छोटे भाग उणे ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये, दोन वेगवेगळ्या इमारतींत ठेवावेत, दोन्हीकडे जनरेटर असावा. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात वीज गेली की वर्षभराचा साठा वितळतो आणि वितळून पुन्हा गोठलेला आरएनए तुटलेला असतो. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान पुसले न जाणाऱ्या शाईने लिहावे.